रंगवलेला चिमटा

मी जात्याच भित्री. माझं माहेर आत, डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीच्या गावात. समुद्र मी जवळून पाहिला तो लग्न होऊन रेवदंड्याला आल्यावर, आणि पहिले कित्येक दिवस त्याच्या आवाजाने मला झोप लागत नसे. खाडी ओलांडायची म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून टाळायची. कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, कुणी मोठ्याने हाक मारली, तरी दचकायची. माझे सासरे हसायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, तुझ्या छातीत चिमणी बसवलीय की काय?"

आमच्या घराच्या पुढच्या पडवीतच सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, जुन्या सायकली आणायच्या, उघडायच्या, घासायच्या, नव्यासारख्या करून विकायच्या. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. देश सोडून गेलेल्या साहेबांच्या, बंद पडलेल्या पेढ्यांमधल्या, दूधवाल्यांनी रगडून टाकलेल्या अशा सायकली मुंबईत ढिगाने मिळायच्या. आमचे हे भाऊच्या धक्क्यावरून त्या लाँचमध्ये चढवायचे, रेवसला उतरवायचे आणि बैलगाडीने घरी आणायचे. गाडी आली की अंगण मोडक्या लोखंडाने भरून जायचं. खारी हवा त्या लोखंडाला इतकी लागायची, की आज घासलेला भाग चार दिवस रंगाविना राहिला तर पुन्हा तांबूस व्हायचा. म्हणून रंगाची घाई असायची. रंगाचं काम सासऱ्यांचं. तरुणपणी ते गलबतावर होते. तिथेच पाय मोडला, नीट बसला नाही, तेव्हापासून काठी घेऊन चालायचे. बसून करायचं काम त्यांना फार प्रिय होतं. काळा रंग ते असा गुळगुळीत लावायचे की त्यात तोंड दिसावं.

मला सायकल चालवता यायची, पण त्यात हौस नव्हती. सायकल तयार झाली की ती कुठे कुरकुरते, कुठे खडखडते हे बाजूने ऐकावं लागतं, आणि स्वतः चालवताना ते नीट ऐकू येत नाही, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून मागच्या माड-सुपारीच्या वाडीत मी चालवायची आणि हे कान लावून शेजारून धावायचे. नऊवारीमुळे पाय टाकायला अडचण नव्हती. चढायचं एका दगडावरून आणि उतरायचं म्हणजे एखाद्या माडाला मिठी मारायची, एवढीच माझी विद्या. वाडीबाहेर, रस्त्यावर, लोकांदेखत मी कधी चालवली नव्हती.

दिवाळी होऊन गेली होती. काशीदच्या शाळेवर बदली झालेल्या एका मास्तरांनी आमच्याकडे सायकल सांगितली होती. ते आमच्याच आळीत नातेवाइकांकडे उतरले होते. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, पाच-सहा वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ. ती रोज संध्याकाळी पडवीत येऊन बसायची आणि आपल्या सायकलीला घंटी कुठली लावणार ते विचारायची. ह्यांनी तिच्यासाठी पुढच्या दांडीवर एक छोटीशी बैठक बसवली होती, फळीची, वर काथ्याची गादी.

त्या सायकलीचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांत धरलेलं असतं तो भाग, ह्यांनी आधीच बाद केला होता. त्याच्या मानेशी केसासारखी चीर होती. त्यांनी मला ती दाखवली आणि पान्ह्याने चिमटा वाजवून ऐकवला. मडकं फुटलेलं असलं की जसं वाजतं तसा बद्द आवाज. "हा मोडीत," म्हणून त्यांनी तो कोपऱ्यात फेकला. दुसऱ्या सायकलीचा चांगला चिमटा घासून त्यांनी सासऱ्यांकडे रंगवायला दिला. संध्याकाळी खुंटीवरचा रंगवलेला चिमटा घेऊन त्यांनी सायकल जोडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ते जुन्या सायकली आणायला मुंबईला गेले.

सकाळी मास्तर आले. ट्रंक आदल्या दिवशीच गाडीने पुढे गेली होती. मुलीला दांडीवर बसवलं, मला म्हणाले, "वहिनी, बोर्लीला ओळखीचं घर आहे. तिथे जेवतो, ऊन उतरलं की पुढे काशीद." मुलगी वळणापर्यंत घंटी वाजवत गेली.

मी स्वयंपाकाला लागले. बऱ्याच वेळाने सासरे मागच्या अंगणातून काठी टेकत आले. त्यांच्या हातात काळा कुळकुळीत चिमटा होता.

"हा बाहेरच राहिला बघ रात्रभर. दव पडलं, पण रंग सुकलाय झकास."

मी पाहतच राहिले. "मामंजी, हा कुठला?"

"कुठला म्हणजे? दोन होते, दोन्ही रंगवले. एक कोपऱ्यात गंजत पडला होता. म्हटलं, हात रिकामाच आहे, त्यालाही रंग मारू. एक खुंटीला लावला, एक तारेवर टाकला."

मी चुलीपुढून उठले. हात पुसले की नाही आठवत नाही. पान्हा घेतला आणि त्यांच्या हातातल्या चिमट्यावर मारला. खणखणीत, देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. पुन्हा मारला. तसाच आवाज. कोपऱ्यात जाऊन पाहिलं. तिथे जुन्या साखळ्या होत्या, फुटकी पायडलं होती. चिमटा नव्हता.

"मामंजी, मोडीतला सायकलीला लागलाय."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते उभ्याचे खाली बसले आणि त्यांची काठी सरकत अंगणात गेली. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. ते एकच म्हणाले, "पोर पुढे बसलीय."

काशीदच्या अलीकडे रस्ता डोंगरावर चढतो आणि मग वळणं घेत एकदम समुद्राकडे उतरतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खडक आणि पाणी. ह्या रस्त्याने मी बैलगाडीतून एकदाच गेले होते, डोळे मिटून. आता ते मिटलेल्या डोळ्यांतलं सगळं माझ्यापुढे उभं राहिलं.

मी शेजारच्या न्हाव्याकडे धावले. सायकल येणारा माणूस आळीत कोण आहे? पोस्टमन चौलला गेलेला. वाण्याचा भाऊ अलिबागला गेलेला. कोळीवाड्यातले पुरुष दर्यावर होते, आणि असते तरी त्यांना सायकल कुठे येत होती? न्हावी म्हणाला, "चालत जाईल कुणीतरी." चालत! मास्तर बोर्लीहून निघतील आणि माणूस अजून कोर्लईलाही पोचला नसेल.

परत आले तेव्हा सासऱ्यांनी दुकानातली एक सायकल पडवीच्या पायरीला लावून धरली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हवा बघितलीय. ब्रेक लागतात." मग म्हणाले, "जा पोरी. माझ्यानं व्हत न्हाय."

मी पायरीवरून चढले.

बाजारातून मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. डोक्यावरचा पदर उडाला होता. कुणी तरी ओरडलं, कुणी हसलं, एका म्हातारीने "शिव शिव" म्हटलं. मला वाटलं होतं की लोकांच्या नजरेने मी मरेन, पण त्या भीतीला त्या दिवशी जागाच उरली नव्हती. समोरून बैलगाडी आली तेव्हा मी डोळे मिटले आणि उघडले, गाडी मागे गेली होती. खाडी ओलांडायच्या धक्क्याजवळ वाळूचा ढीग होता, त्यात मी सायकल घातली आणि पडले.

ओहोटी लागली होती. तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, पायऱ्यांपर्यंत येत नव्हती, चिखलापलीकडे उभी होती. तरवाल्याने सायकल खांद्यावर घेतली.

मी विचारलं, "मास्तर गेले का?"

"तो पोरीवाला व्हय? कवाच सोडला पलीकडं. पोर सारखी घंटी वाजवीत व्हती."

"लवकर चला हो."

"पानी नेईल तशीच होडी चालंल बाय."

खाडीच्या मधोमध होडी प्रवाहाने आडवी व्हायला लागली. एरवी मी अशा वेळी शेजारणीचा हात घट्ट धरून बसायची. त्या दिवशी मी उभी राहिले होते. तरवाला दोनदा "बस, बस" म्हणाला. मला समोरचा साळावचा किनारा तेवढा दिसत होता, आणि तो जवळ येत नव्हता.

पलीकडे त्यानेच मला धरून सायकलवर चढवलं. रस्ता मातीचा, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला. प्रत्येक खड्ड्यात माझं चाक आपटलं की माझ्या मनात मास्तरांचं चाक आपटायचं, आणि चिमट्यावरची ती केसासारखी चीर थोडी लांब व्हायची. किती खड्डे झाले असतील आत्तापर्यंत? बोर्लीपर्यंत टिकला असेल तर पुढे टिकेल का? की आत्ताच, ह्याच वळणापलीकडे, ती दोघं पडलेली असतील? वळण आलं की मला पुढे बघवायचं नाही, आणि न बघता सायकल चालत नाही. वळणापलीकडे नुसता रस्ता दिसला की एक श्वास घ्यायचा, की लगेच पुढचं वळण.

कोर्लईच्या पुढे बाया बोंबील वाळत घालत होत्या. त्यांतली एक शेजारून धावत आली. "अगो बाय! कुनाची गो तू? सायकलवर कुठं निंगालीस?"

"मास्तर... मुलगी घेऊन..."

"गेला की. हसत गेली पोर."

हसत गेली, एवढंच मी धरून ठेवलं.

बोर्लीत मास्तरांच्या ओळखीचं घर शोधायला लागलं नाही. विचारताच कुणीतरी बोट दाखवलं, रस्त्यालाच होतं. ओटीवर बाई भांडी घासत होती. मी अंगणातल्या आंब्याला धरून थांबले. "मास्तर?" एवढंच विचारलं. तिने आधी पाणी दिलं. मग म्हणाली, "आत्ताच निघाले. म्हटलं, थांबा जरा, ऊन आहे. पण मुलीला समुद्रात पाय बुडवायचे होते."

मी तांब्या अर्धा तसाच ठेवला. तिच्या मुलाने मागून सायकल ढकलून दिली.

त्या शेवटच्या रस्त्यातलं मला थोडंच आठवतं. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. मी मोठमोठ्याने काहीतरी म्हणत होते, बहुतेक ग्रामदेवतेचं नाव. चढ सुरू झाला. आणि वर, झाडांच्या सावलीत, मला मास्तर दिसले. ते उतरून सायकल ढकलत होते. मुलगी दांडीवरच होती. माथा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. तिथे पोचले की ते पुन्हा बसणार आणि सायकल उताराला सोडणार.

मी हाक मारली. वारा समुद्राकडून येत होता, माझा आवाज माझ्याकडेच परत आला. चढावर मला सायकल रेटेना. ती तिथेच टाकली आणि धावत सुटले. मास्तर थांबले नाहीत, पण मुलगी दांडीवरून वळून मागे पाहत होती. तिने मला ओळखलं आणि वडिलांचा सदरा ओढला.

"अहो वहिनी! तुम्ही? इथे?"

मी धापा टाकत सांगितलं. चिमटा, चीर, रंग. माझं एक वाक्य धड नव्हतं. मास्तरांना आधी पटेना. ते खाली वाकून बघायला लागले. "काही दिसत तर नाही वहिनी. इतकी सुरेख चाललीय सकाळपासून."

"दिसायची नाही. रंगाखाली आहे. मास्तर, बसू नका हो तिच्यावर. पाया पडते."

"बरं, बरं. बसत नाही. असं रडू नका." ते थोडे चिडलेही होते. "मग आता काशीदपर्यंत ढकलत नेतो. माझी ट्रंक पुढे, मुलगी दमलेली. तिला राहू दे वर."

मला हायसं वाटलं. ढकलत न्यायला काय हरकत आहे, असंच मलाही वाटलं. आम्ही तिघं चालायला लागलो. मी मागून कॅरिअर धरलं. रस्त्यात एक दगड वर आलेला होता, फार मोठा नव्हे, ओंजळीत मावेल एवढा. चाक त्यावर चढलं आणि उतरलं.

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पुढचं चाक एकटंच बाजूला वळलं, ब्रेकच्या सळईला लोंबकळलं, आणि सायकलीचं नाक मातीत घुसलं. मुलगी पुढे फेकली गेली. मास्तर हँडल घट्ट धरून तसेच उभे. ते सोडावं आणि मुलीला उचलावं हेही त्यांना सुचेना. तिला मीच उचललं. हनुवटी फुटली होती, रक्त माझ्या चोळीवर आलं. ती रडत नव्हती. मी तिला हलवलं, तरी रडेना. नुसती बघत होती. त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही, वाटेतल्या सगळ्या वळणांवर मिळूनसुद्धा नाही. मग तिने तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की डोंगर घुमला. मी तिला घेऊन रस्त्यातच बसले.

मास्तर माथ्यापर्यंत गेले. तिथे उभे राहून त्यांनी पलीकडचा उतार पाहिला. परत आले ते पांढरेफटक. ते माझ्यासमोर मातीत बसले आणि त्यांनी मुलीचे दोन्ही पाय हातांत धरले.

काशीदच्या बाजूने, पेंढा उतरवून, एक बैलगाडी रिकामी परत येत होती. गाडीवानाने आम्हाला घेतलं, दोन्ही सायकली मागे बांधल्या. जखमेवर मी पदराची चिंधी फाडून बांधली होती. मुलगी माझ्या मांडीवर झोपली. वाटेत मी सारखी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत होते. काशीद त्या दिवशी राहिलंच. मास्तर म्हणाले, "रेवदंड्याच्या डॉक्टरांना दाखवू आधी."

खाडी ओलांडली तेव्हा उन्हं कलली होती. धक्क्यावर सासरे बसले होते. घरापासून धक्क्यापर्यंत ते त्या पायाने कधी आले नव्हते. मुलीच्या हनुवटीवरची रक्ताळलेली चिंधी त्यांना लांबूनच दिसली असणार. ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. मास्तर होडीतून उतरून त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं, आता मास्तर रागावून बोलणार. बोलण्याचा त्यांना हक्क होता.

मास्तर एवढंच म्हणाले, "आजोबा, पोर आहे. हे बघा, आहे."

सासऱ्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका थरथरत होता की मुलीचं डोकंही हलत होतं. तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला थंडी वाजते का?"

डॉक्टरांनी हनुवटीला दोन टाके घातले. पुढे त्याचा व्रण राहिला.

हे मुंबईहून आले ते आठ-दहा सायकली घेऊन, खुशीत. मी सगळं सांगितलं. ऐकताना ते गंजलेल्या एका चाकाच्या तारा उगाच मोजल्यासारखे चाचपत राहिले. वडिलांना ते एका शब्दाने बोलले नाहीत. "कोपऱ्यात मी टाकला," इतकंच म्हणाले. मग करवत काढली आणि दुकानातला बाद झालेला प्रत्येक भाग मधोमध कापला. चिमटे, दांड्या, पायडलाचे आस, सगळं. तेव्हापासून आमच्याकडे मोडीतलं काही अखंड राहत नसे.

सासऱ्यांनी मात्र रंगाचा ब्रश हातात घेणं सोडलं. दिवसभर मागच्या ओट्यावर बसायचे, पडवीत यायचे नाहीत. जेवण कमी झालं. मला भीती वाटायला लागली की मामंजींना आता काहीतरी होणार. रात्री त्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला नाही तर मी जागी व्हायची आणि दाराशी कान लावायची.

एका रविवारी मास्तर मुलीला घेऊन आले. मी चहा ठेवला. मास्तरांनी पडवीत बसून मोठ्याने, मागे ऐकू जाईल असं म्हटलं, "मला दुसरी सायकल पाहिजे. काशीदहून इथवर चालून पाय झिजले माझे. पण आजोबांनी रंगवलेली पाहिजे. नाहीतर अलिबागला जातो."

मुलगी उठून ओट्यावर गेली. तिथे ती काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. पुष्कळ वेळाने काठीचा आवाज आला. सासरे दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, मी रंगवीन," ते म्हणाले. "पन उघडं लोखंड आधी तुम्ही बघायचं. तुम्ही हात लावून 'बरं' म्हणल्याबिगर मी रंग लावनार न्हाय."

मास्तर म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं?"

"कळत न्हाय तरी बघा."

मग ती सायकल तयार झाली तेव्हा मास्तर खरंच येऊन प्रत्येक भागावरून बोटं फिरवत बसले, आणि त्यांच्या शेजारी बसून मुलगीही फिरवत होती. मग सासऱ्यांनी रंग लावला. कडेला एक-दोन ओघळ राहिले. ह्यांनी ते पाहिले, पण पुसले नाहीत.

मुलीला मात्र मास्तरांनी बरीच वर्षं सायकलवर बसवलं नाही. ती त्यांच्या शेजारून चालायची आणि मास्तर सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालायचे. काशीदच्या लोकांना ते गमतीचं वाटायचं.